बठ्ठासनं गाव

माझ्या कादंबरीतल्या गावात सगळे एकत्र जेवतात. पानं एका ओळीत मांडलेली असतात, ज्याचं त्याने उष्टं उचलायचं असतं, आणि कुणाच्या ताटात काय पडलं हे कुणी तिरक्या नजरेने बघत नाही. या जेवणावर मी एक अख्खं प्रकरण खर्ची घातलं आहे. परीक्षणं लिहिणाऱ्यांना ते फार आवडलं. फक्त तो स्वयंपाक कोण करतं हे त्यात नाही. मागच्या प्रकरणात नाही आणि पुढच्यातही नाही. भाकरी आपोआप येतात. मी पुस्तक लिहीत होते तेव्हा माझ्या घरातही त्या तशाच येत होत्या, म्हणून असेल.

करणारी माझी नणंद होती.

मी धुळ्याच्या एका कॉलेजात मराठी शिकवते. नवरा सरकारी नोकरीत. आमचं बिऱ्हाड तिथेच देवपुरात, आणि सासर भडगावजवळ गिरणेच्या काठच्या एका गावात. तिथे सासू-सासरे असतात, शेती असते, भाऊबंदकी असते. नणंद नवऱ्याहून मोठी, म्हणून मी तिला अक्का म्हणते. ती बीएस्सी बीएड. लग्नानंतर मालेगावकडच्या एका शाळेत गणित शिकवायची. मूलबाळ झालं नाही. नवऱ्याने शेवटी दुसरा संसार मांडला, तेव्हा हिने पहिला आवरला आणि रीतसर घटस्फोट घेऊन परत आली. गावात लोक दहा तोंडांनी बोलतील म्हणून नाना, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, काही दिवस धुळ्याला राहू दे. मी लगेच म्हटलं, "या ना अक्का, घर तुमचंच आहे." बोलायला काय जातं. शिवाय मी त्या वेळी आदर्श समाजावर कादंबरी लिहीत होते. आदर्श समाज लिहिणारी बाई नाही कशी म्हणणार?

काही दिवसांची काही वर्षं झाली आणि मग कुणी मोजायचं सोडलं. अक्का सकाळी उठायच्या, चहा टाकायच्या, नवऱ्याचा डबा, माझा डबा, संध्याकाळी भाजी निवडत माझ्या मुलीचं गणित. मी आपली आयत्या बिळावर नागोबा होऊन टेबलाशी बसलेली. सुरुवातीला मी उठायची नाटकं करायची. "राहू द्या हो, मी करते." अक्का म्हणायच्या, "तुम्ही गाव वसवा, मी पोळ्या करते." त्यात टोमणा होता, पण गोड होता. मी हसायची आणि बसून राहायची.

कॉलेजात मी याच विषयावर तास घेते: साहित्यातला आदर्श समाज. मुलांना सांगते, बघा, असं गाव लिहिणारा प्रत्येक जण ते गाव कुठेतरी लांब नेऊन ठेवतो. बेटावर, डोंगरापलीकडे, नाहीतर पुढच्या काळात. बाहेरचा एक पाहुणा तिथे पोचतो, गावातला कुणीतरी त्याला सगळं फिरवून दाखवतो, पाहुणा थक्क होतो. मग मी फळ्यावर एक वर्तुळ काढते आणि म्हणते, आदर्श समाज लिहिताना पहिली रेघ ही असते, कुंपणाची. आत कोण आणि बाहेर कोण हे ठरल्याशिवाय एकही ओळ लिहिता येत नाही. मुलं हे वहीत उतरवून घेतात. दरवर्षी सांगते, दरवर्षी मला ते हुशारीचं वाटतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

माझ्या गावात मला कुंपण नको होतं. म्हणून मी एक शब्द शोधला. शोधला कसला, सासूबाईंच्या तोंडून उचलला. आमच्याकडे 'सगळे' या अर्थी 'बठ्ठा' म्हणतात. बठ्ठा उनात का, बठ्ठा जेवनात का, म्हणजे सगळे आले का, जेवले का, असं त्या दिवसातून किती वेळा विचारतात. माझ्या गावातल्या लोकांच्या बोलीत 'माझं' हा शब्दच नाही. विहीर बठ्ठासनी, बैल बठ्ठासना, घर बठ्ठासनं. पुण्याच्या प्रकाशकांना या शब्दाने वेड लावलं. अहिराणीचं सोनं, असं काहीतरी म्हणाले. मला सोनं म्हटल्यावर बरं वाटलं, खोटं का बोला.

प्रुफं आली तेव्हा ती अक्कांनी वाचली. गणिताच्या बाई, चुका शोधायची सवय. शुद्धलेखनाच्या बऱ्याच काढल्या. मग चष्मा काढून पदराने पुसत म्हणाल्या, "वहिनी, तुमच्या गावात कुणी माहेरी परत येत नाही का हो?"

मी उत्साहाने समजावलं, की तिथे कुणी कुणाला टाकत नाही, फसवत नाही. मग परत यायचं कारणच उरत नाही.

"म्हणजे मी तिथे नाही," त्या म्हणाल्या. मग घरातल्या बोलीत, "तुमना बठ्ठासमा कोन कोन शे, ते येकदा नीट मोजी ल्या."

मी हसले. त्या पण हसल्या. कुकरची शिट्टी झाली आणि त्या उठल्या. मी ते वाक्य पुस्तकात कुठे घालता येईल का, याचा विचार करत बसले. असा हा धंदा.

आता कानबाईचं सांगायला हवं. खानदेशाबाहेरच्यांना ती माहीत नसते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे ही देवी बसते, सोमवारी नदीवर तिला पोचवतात. तिचा प्रसाद म्हणजे रोट. गव्हाचे, आणि फक्त आपल्या कुळातल्यांनी खायचे. बाहेरच्याला तुकडा द्यायचा नाही, उरवायचा नाही. त्याचे गहू आदल्या दिवशी मुठीने मोजून घेतात. घरोघरची रीत थोडी वेगळी असते. आमच्याकडे घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मूठ. सुना नवऱ्याच्या मुठीत येतात, बिनलग्नाच्या मुली बापाच्या मुठीत. लग्न झालेली लेक मात्र यात नसते. तिची मूठ तिच्या सासरी. म्हणजे धुळ्याहून आलेली मी आत, आणि त्याच घरात जन्मलेल्या अक्का बाहेर. आणि त्यांना सासर तर उरलेलं नाही. म्हणजे त्या कुणाच्याच मुठीत नाहीत.

परत आल्यावर पहिल्या वर्षी त्या कानबाईला गावी आल्याच नाहीत, डोकं दुखतंय म्हणाल्या. नंतर आल्या, राबल्या, सगळ्यांना वाढलं आणि स्वतः वेगळा वरणभात खाल्ला. त्यावर कुणी काही बोललं नाही. मी तर मुळीच नाही.

गेल्या वर्षी श्रावण लागला तेव्हा त्या माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. इकडचं तिकडचं बोलल्या, पंख्याचा आवाज येतो म्हणाल्या. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यातल्या त्या नव्हेत, म्हणून मला नवल वाटलं. शेवटी म्हणाल्या, "यंदा माझी मूठ घ्यायला सांगाल का आईला? मी सांगितलं तर हट्ट वाटेल. तुम्ही सून आहात. तुमचं ऐकते ती."

मी विचारलं, एवढं काय आहे त्या रोटात? मला वाटलं देवीचं काही असेल. पण त्यांनी सरळ सांगितलं. मूठ घेतली की त्या पुन्हा घरच्या होणार होत्या, भाऊबंदांसमोर. मग गावच्या घराची माडीवरची खोली त्यांना हक्काने वापरता येणार होती. भडगावला गणिताचे क्लास काढायचे, गावातून जाऊन-येऊन करायचं, हे सगळं त्यांनी मनात मांडलेलं होतं. "पाहुणी म्हणून किती दिवस राहू, वहिनी? तुमच्याकडे मी पाहुणी, तिथे पण पाहुणी."

"मी बोलते," मी म्हटलं. "काळजीच करू नका."

त्या क्षणी मी खरंच बोलणार होते. पण दुपारी तास संपवून घरी येताना रिक्षात एक गोष्ट डोक्यात आली आणि ती गेलीच नाही. अक्का गावी गेल्या तर माझ्या घरात स्वयंपाक कोण करणार? प्रकाशकाला दुसरा भाग हवा होता, मी हो म्हणून बसले होते. मुलीचं गणित होतं. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही. स्वतःलाही नीट शब्दांत सांगितलं नाही. आता सांगते आहे, कारण लाज वाटते ती नेमकी याचीच. पुढे जे केलं त्याची लाज त्यामानाने थोडी आहे.

शनिवारी आम्ही गावी पोचलो. चक्कीवाल्याने कानबाईच्या दळणासाठी चक्की धुऊन-पुसून ठेवल्याचा निरोप आला होता. ओसरीवर स्वच्छ सुपं मांडली होती, गव्हाचं पोतं उघडं होतं. धाकल्या चुलत सासूबाई होत्या, त्यांच्या सुना होत्या. कुणीतरी पेपरात माझा फोटो पाहिला होता, त्यामुळे माझं जरा कौतुक चाललेलं. सासूबाई पाटावर बसल्या आणि एकेक मूठ सुपात टाकायला लागल्या. "नानासनी मूठ. भाऊनी मूठ." भाऊ म्हणजे माझा नवरा. त्यात मी आले.

अक्का खांबाला टेकून उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सुपातला एक खडा शोधून काढला. मग दुसरा शोधत राहिले.

त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग स्वतःच पुढे झाल्या. "आई, मनी मूठ?"

सासूबाईंचा हात पोत्यातच होता. "आंडेरनी मूठ ऱ्हास नही वं बाई," त्या म्हणाल्या. आंडेर म्हणजे लेक, आणि लेकीची मूठ नसते. "तुनी मूठ तुना सासरमा."

"सासर शे कोठे आते?"

सासूबाईंनी हात बाहेर काढला आणि मूठ भरलेली होती. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. ती मूठ त्यांनी पोत्यात परत टाकली नाही आणि सुपातही टाकली नाही. तशीच धरून माझ्याकडे वळल्या. "तू सांग वं. तू त शिकेल शे. मी सांगस ते खोटं शे का?"

एवढ्या वर्षांत त्या घरात मला कुणी असं विचारलं नव्हतं. त्या अडल्या होत्या. मनातून लेकीच्या बाजूच्या होत्या आणि त्यांना फक्त कुणाचा तरी आधार हवा होता. मी 'घ्या, आई' एवढं म्हटलं असतं तर चुलत सासूबाई दोन दिवस कुरकुरल्या असत्या आणि विषय संपला असता. मूग गिळून बसले असते तरी कदाचित ती मूठ सुपात पडली असती. पण मी बोलले.

"चालत आलंय ते चालू द्या, आई," मी म्हटलं. "यंदा नको. सगळ्यांशी बोलून मग पाहू."

माझा आवाज फार समजूतदार होता. चुलत सासूबाई म्हणाल्या, पहा, शिकेल सून कशी पाहिजे. सासूबाईंनी मूठ सोडली. गहू पोत्यात गेले.

अक्का स्वयंपाकघरात गेल्या आणि चहा टाकला. सगळ्यांना दिला, मलाही. माझ्या कपात साखर कमी टाकतात ती आठवणीने कमीच टाकली होती.

रविवारी कानबाई बसली, आरती झाली, पानं मांडली. अक्का वाढत होत्या. रोट उरवायचा नसतो, म्हणून मी तो पाण्याच्या घोटाबरोबर गिळला. सासूबाईंनी ओसरीवरून विचारलं, "बठ्ठा जेवनात का?" आणि आतून कुणीतरी हो म्हणालं. कोण म्हणालं ते मला आठवत नाही. मी असेन.

धुळ्याला परत येताना एसटीत अक्का माझ्या शेजारीच बसल्या होत्या. कांद्याबद्दल बोलल्या, मुलीच्या परीक्षेबद्दल बोलल्या. मी सारखी सुरुवात करायची आणि गिळून टाकायची. मला वाटत होतं त्या भांडतील, निदान रुसतील. त्या खिडकीतून कापसाची शेतं बघत राहिल्या. महिन्याभरातच त्यांनी भडगावला भाड्याने खोली घेतली आणि गेल्या. माडी मागितली नाही आणि कुणाला काही विचारलंही नाही. क्लास मात्र काढला.

त्याच सुमारास जळगावला माझं व्याख्यान होतं, विषय अर्थात तोच. मी 'बठ्ठासनं' हा शब्द उच्चारला तेव्हा सभागृहात टाळ्या पडल्या. एका वयस्कर गृहस्थांनी विचारलं, बाई, असं गाव प्रत्यक्षात येणं शक्य आहे का? मी म्हटलं, माणसांनी मनात आणलं तर का नाही? पुन्हा टाळ्या. घरी आले तर सिंकमध्ये सकाळची भांडी. नवरा म्हणाला, बाहेरूनच काहीतरी मागवू. मी त्याच्यावर उगाचच ओरडले. त्या बिचाऱ्याचा त्यात काय दोष, किंवा होता तर माझ्याएवढाच होता. कादंबरीचा दुसरा भाग मी लिहिलेला नाही. प्रकाशकाला सांगते की वेळ मिळत नाही, आणि ते खरंच आहे, आता पोळ्या मी करते.

यंदाची कानबाई झाली. सासूबाई पोत्यापाशी बसल्या तेव्हा मी आधीपासून तयारीत होते. मी म्हणाले, आई, अक्कांची मूठ घ्या. भीतभीत नाही, सगळ्यांसमोर मोठ्यांदा म्हणाले. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलंही नाही. "ती येनार नही," एवढंच म्हणाल्या. "तिनी सांगी धाडं." तिने निरोप पाठवला होता.

सोमवारी कानबाईला गिरणेवर पोचवल्यावर मी एकटी भडगावला गेले. नवऱ्याला सांगितलं, अक्कांना भेटून येते. मनाशी सगळं बोलणं जुळवून ठेवलं होतं. पाया पडणार होते, रिक्षात डोक्यात आलं होतं तेही सांगणार होते.

अक्का एका नर्सबाईंबरोबर राहतात. त्या सरकारी दवाखान्यात आहेत, बौद्ध आहेत, अक्कांपेक्षा वयाने लहान. दोन खोल्या, एक गॅस. मी गेले तेव्हा दोघी नुकत्याच जेवायला बसत होत्या. ताटात रोट होते. मी पाहतच राहिले. देवी नव्हती, नारळ नव्हता, पण रोट होते, आईच्या हातचे असतात तसे जाडसर.

"मी काही देवीबिवी मानत नाही," नर्सबाई मला म्हणाल्या, जणू मी विचारलं होतं. "पण यांनी माझी मूठ घेतली. मग खायला नको?"

"दोघींची घेतली," अक्का म्हणाल्या. "बसा वहिनी. कधी निघालात?"

मी बसले. त्यांनी माझी, मुलीची, नानांच्या गुडघ्यांची चौकशी केली. क्लासला मुलं बरी येतात म्हणाल्या. मी जुळवून आणलेलं बोलणं ओठांवर होतं आणि अक्कांच्या चेहऱ्यावर ते ऐकण्यासाठी काहीच जागा नव्हती. राग असता तर मला बोलता आलं असतं. त्या खूश होत्या. मला भेटून खरंच खूश होत्या, कुणी ओळखीचं गावाला आल्यावर माणूस होतो तशा.

मग मी काय करावं? मी ताटाकडे हात केला. हसत केला, हक्काने, घरच्या माणसाने करावा तसा. "मला द्या ना थोडा."

अक्कांनी ताट जरासं आपल्याकडे ओढलं. झटकन नाही, सहज.

"तुमनी मूठ यामा नही ना, वहिनी," त्या म्हणाल्या, समजूत घालावी तशा. "ह्या त रोट शेत. थांबा, तुम्हाला चहा टाकते. बिस्किटं पण आहेत."

आणि त्या उठल्या. त्यांनी मला काही सुनावलं नव्हतं. सुनावण्यासाठी माणूस आधी हिशेबात धरावा लागतो. नर्सबाईंनी पंखा माझ्याकडे वळवला आणि विचारलं, "तुम्ही त्यांच्या कोण?"

मी उत्तर देणार, तेवढ्यात आतून अक्काच म्हणाल्या, "धुळ्याच्या आहेत. लिहितात."